तिसरी सीडी

लसूण सोलायला बसले की अजूनही मला अक्काचा राग येतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण संगीता. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आणि रंगानं, केसांनी, आवाजानं, सगळ्यानंच सरस. वय झालं की असल्या गोष्टी आपोआप गळून पडतात म्हणे. माझ्या तरी पडल्या नाहीत. परवाच तिचा फोन आला होता, गुडघे दुखतात म्हणून कळवळत होती, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल तर हा, की दुखणंसुद्धा किती रंगवून सांगते ही! माझे गुडघे दुखतात तेव्हा घरातली माणसं ऐकता ऐकता मोबाइल बघायला लागतात. तेव्हा कुणी विचारलंच की लहानपणी तुला बहिणीचा हेवा वाटायचा का, तर वाटायचा. पोटात आग पडायची. आणि त्या आगीचा सगळ्यात मोठा भडका उडाल्याची आठवण म्हणजे त्या लसणाच्या पिच्चरची.

आम्ही शिवाजी पेठेत एका बोळात राहायचो. वडील बिद्रीला साखर कारखान्यावर कारकून होते. हंगामात तिकडंच असायचे आणि रविवारी यायचे ते झोपायला. बाकीचे दिवस घरात आई, अक्का आणि मी. पहाटे पलीकडच्या तालमीत जोर-बैठका सुरू झाल्या की भिंतीतून हुंकार ऐकू यायचे, फुटबॉलचा सामना असला की दुपारपासून हलगी, आणि या सगळ्यावर आईचा आवाज. आई मला दिवसातून पन्नास हाका मारायची. विजे, उठ. विजे, पाणी भर. विजे, कुठं उलथलीस? अक्काला मात्र हाक मारावी लागायची नाही. पीठ मळायची वेळ झाली की परात आधीच अक्काच्या पुढ्यात असायची. आईला काही हवं आहे हे आईच्या आधी तिला कळायचं. बायका आईला म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई, सोन्यासारखी लेक हाय." मग त्यांची नजर माझ्याकडं वळायची आणि त्या दुसरंच काहीतरी बोलायला लागायच्या.

उन्हाळा लागला की बोळात चटण्यांचे दिवस यायचे. आमच्याकडं वर्षाची कांदा-लसूण चटणी एकटीनं करायची रीत नव्हती. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी अशा सगळ्या बायका जमायच्या, आणि डंकावर कुटायला न्यायच्या आधीची सगळी मरमर एकत्र करायच्या. कुणी मिरच्यांचे देठ मोडायची, कुणी खोबरं किसायची, कुणी लसूण सोलायची. मिरचीनं बोटं अशी पेटायची की संध्याकाळी थंड ताकात हात बुडवून बसावं लागायचं. त्या कामात मन रमवायला गोष्ट लागायची, आणि गोष्ट सांगायची अक्का. तिनं पाहिलेले पिच्चर ती सांगायची, हातवारे करून, गाणी म्हणून, गाड्यांचे आवाजसुद्धा काढून. आणि बायकांचा नियम असा होता, की गोष्ट सांगणारीनं मिरचीला हात लावायचा नाही. मारामारी दाखवता दाखवता चुकून डोळ्याला हात लागला तर पिच्चर तिथंच बंद पडायचा ना! म्हणजे बघा, कौतुकही तिचंच आणि हातही तिचेच गार. मी देठ मोडत उंबऱ्यात बसायचे. आत बसलं की मला मिरचीच्या खाटानं ठसका लागायचा, खोकून खोकून जीव जायचा. म्हणून उंबरा ही माझी जागाच ठरून गेली होती, कुणाच्याही घरी गेलो तरी.

त्या वर्षी आप्पामामा अक्काला पिच्चरला घेऊन गेला. मामा आईचा धाकटा भाऊ, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. सुट्टीच्या दिवशी त्याला इंग्रजी हाणामारी बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. इंग्रजीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. कोण कुणाला मारतंय एवढं कळलं की त्याचं भागायचं. मी पण येते म्हणून मी चपला घालून दारात उभी होते. मामा म्हणाला, "तू नगं. भुताचा हाय. तू मागं कशी बोंबललीस, आक्ख्या टॉकीजनं मागं वळून बघितलं." अक्कानं माझ्या चपलांकडं पाहिलं आणि ती मामाच्या मागं निघाली. ती दोघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारातून हललेच नाही. आईनं आतून मला तीन-चार हाका मारल्या असतील. मी ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मालूकाकींच्या घरी चटणी होती. मालूकाकी म्हणजे आमच्या बोळाचा भोंगा. त्या कुजबुजल्या तरी तालमीत ऐकू जायचं. तिथं अक्कानं तो पिच्चर पहिल्यांदा सांगितला. एक माणूस असतो, आगीच्या बंबावर कामाला. त्याच्या शहरात रक्त पिणारी भुतं शिरलेली असतात आणि कुणाचा विश्वास बसत नाही, उलट यालाच कामावरून काढतात. मग हा तो बंबच पळवतो, त्यात मंतरलेलं पाणी भरतो, आणि धनुष्यबाण घेऊन एकटा त्यांची शिकार करत फिरतो. नळीनं पाण्याचा फवारा मारला की भुतांचा धूर व्हायचा. अक्का रिकामी नळी धरल्यासारखे हात करून घरभर फिरत होती, आणि बायका अंगावर पाणी उडाल्यासारख्या मागं सरकत होत्या.

"आणि त्या भुताचं एक आसतंय," अक्का म्हणाली. "कुणी आत बोलवल्याबिगार त्याला उंबरा वलांडता येत न्हाई. आणि लसणाचा वास आला की आंग जळतंय त्याचं."

"आता गं बया!" मालूकाकी सोललेल्या लसणाच्या ढिगाकडं बघत म्हणाल्या. "मग कोल्हापुरात आलं तर उपाशीच मरंल की!"

असं हसू फुटलं की आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझी आई सहसा हसायची नाही. ती हसली की मला आधी बरं वाटायचं, आणि लगेच, हिला हसवलं कुणी हे आठवून वाईट.

मग अक्कानं आवाज खाली आणला. शेवटच्या लढाईला निघताना तो शिकारी आपल्या आईच्या घरी जातो. आई लसूण सोलत बसलेली असते. ती वर बघत नाही, नुसते लसणाचे गड्डे त्याच्या पिशवीत भरते आणि म्हणते, "जा, काम आटप." तो बाहेर पडतो, पण लांब जात नाही, समोरच्या झाडामागं बाण लावून उभा राहतो. दिवस मावळतो. आणि सगळ्या भुतांतलं जे थोरलं भूत, ज्याला तो गावभर शोधत होता, ते त्याच्याच आईच्या उंबऱ्यात येऊन उभं राहतं. वाळलेलं, पांढरंफटक. आत येत नाही, नुसतं चुलीकडं बघत राहतं. तेव्हा आई पहिल्यांदा मान वर करते. भिते का? तर नाही. म्हणते, "आत ये की. उंबऱ्यात का उभा? भूक लागली आसंल." ते भूत आत येतं, भाकरी खातं. लसणाच्या चटणीनं त्याचं तोंड भाजतं, डोळ्यांतून पाणी वाहतं, पण ते ताटावरून उठत नाही. आणि तो शिकारी झाडामागून हे सगळं बघतो, आणि बाण खाली करतो.

बायकांच्या हातांना मिरची लागलेली, त्यामुळं सगळ्याजणी कोपरानं डोळे पुसत होत्या. आईचा हात लसणाच्या एका पाकळीवर थांबला होता. बराच वेळ तिनं ती पाकळी सोललीच नाही.

त्या उन्हाळ्यात जिथं जिथं चटणी झाली तिथं तिथं तो पिच्चर झाला. "संगे, त्यो आईचा शीन सांग," अशी फर्माईशच असायची. मला पहिल्यापासून शंका होती. इंग्रजी पिच्चरमध्ये भाकरी कुठून आली असं मी विचारलं, तर अक्का शांतपणे म्हणाली, "त्यांच्यात पाव आसतोय. तुमास्नी कळावं म्हणून मी भाकरी म्हणतीया." मामाला गाठून विचारलं, "मामा, त्यात आई होती का?" मामा म्हणाला, "आसंल की. इंटरवलनंतर मला झोप लागलीती." म्हणजे साक्षीदार एकच, आणि तीच गोष्ट सांगणारी. ती खोटं सांगते आहे अशी माझी खात्री होती. आई खोट्या गोष्टीसाठी रडते आणि मी खरी समोर बसले आहे, तर माझ्याकडं बघत नाही, हे मला सहन होत नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर अक्का खोटी पडावी आणि आईनं ते बघावं.

आणि तशी वेळ आली. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या हसीनाचाचींच्या घरी सीडी प्लेअर आला. चाचींच्या घरी शिलाईचं दुकान, मिस्टर आणि दोन्ही मुलगे मशिनवर. त्यांनी हौसेनं घेतला. बोळाच्या तोंडाशी सीड्या भाड्यानं देणारं एक दुकान नुकतंच निघालं होतं. तिथं काचेवर एक दिवस मला तो दिसला. धनुष्य घेतलेला माणूस, मागं लाल बंब, आणि वर मोठ्या अक्षरात, आता हिंदीमध्ये. हिंदीत! म्हणजे आता कोण काय बोलतं ते बोळातल्या प्रत्येक बाईला कळणार होतं. चाचींच्या घरी लसूण सोलायचा दिवस ठरला होता, तोच मी साधला. बायका जमल्या, अक्का नेहमीच्या जागी बसून ओढणी सावरत होती, आणि मी पिशवीतून सीडीचं पाकीट काढून म्हणाले, "आज अक्काला दमवू नका. आज खरा पिच्चर बघूया."

अक्काचा चेहरा उतरला. ते मी डोळे भरून पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "बघूया की." आणि मग, सांगायची गोष्ट उरली नव्हती म्हणून, तिनं मिरच्यांचं सूप ओढून घेतलं आणि देठ मोडायला लागली. मी मुद्दाम आत जाऊन टीव्हीसमोर बसले. ठसका लागला, पण उठले नाही.

पहिली सीडी दणक्यात गेली. बंब आला, पाणी उडालं, भुतांचा धूर झाला. "व्हय गं, संगीनं सांगितल्यालं तसंच हाय," अशी पावतीही मिळत गेली आणि मी दात खात बसले. चाचींच्या मुलानं दुसरी सीडी घातली. आता मी आईकडंच बघत होते. शिकारी शेवटच्या लढाईला निघाला. बायकांनी हातातलं काम थांबवलं. तो बंबात बसला, गाडी सुरू केली, आणि थेट एका पडक्या कारखान्यात शिरून त्यानं थोरल्या भुताच्या छातीत बाण घातला. नावं वर सरकायला लागली. आई नव्हती, झाड नव्हतं, भाकरी नव्हती आणि पावसुद्धा नव्हता.

"आई कुठाय?" मालूकाकी म्हणाल्या.

"नाहीच!" मी उभी राहिले. "नव्हतीच कधी. अक्कानं मनानं घातली. वर्षभर फसवलं तुम्हाला."

सगळ्यांनी अक्काकडं पाहिलं. अक्का खाली मान घालून देठ मोडत होती. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मालूकाकी मला म्हणाल्या, "गप बस. मनानं घालतीया! तिसरी सीडी कुठाय?"

"दोनच असतात," मी म्हणाले.

"कोण म्हणतंय? मागल्या म्हैन्यात लगनाचा पिच्चर आणलाता, त्याच्या तीन निघाल्या. ह्याची येक त्या दुकानदारानं ठेवून घेतली आसणार."

"सच है," हसीनाचाची म्हणाल्या. "इत्ता चांगला पिच्चर, और आई को मिलेबगैर जाईल का त्यो?"

बघता बघता सगळ्याजणी चपला घालून निघाल्या. मी मागून ओरडत होते, ऐकतंय कोण. दुकानदार बिचारा नवीन होता. पाकिटावर दोन लिहिलं आहे, ते त्यानं दाखवलं. मालूकाकींनी पाकीट उलटं करून झटकलं, जणू तिसरी त्यात चिकटून बसली आहे. "आईची सीडी काढलीस कशी तू? तुला आई हाय का न्हाई?" दुकानासमोर माणसं थांबायला लागली. तालमीतली दोन पोरं काय झालं म्हणून आली आणि आईची सीडी लपवली एवढंच ऐकून बाह्या सावरायला लागली. तेव्हा दुकानदारानं हात जोडले आणि म्हणाला, "काकी, तिसरी बाहेर गेलीया. आली की घरपोच देतो." झालं! दुकानदारानंच कबूल केलं म्हटल्यावर विषय मिटला. येताना मालूकाकींनी अक्काच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाल्या, "बघ, म्हणं मनानं घातली." इतकी वर्षं झाली, पण त्या थापेचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मध्यंतरी तोच पिच्चर नव्या चकचकीत डबीत आला, कापून टाकलेले प्रसंग जोडून. मी मागवला. चष्मा लावून सगळे प्रसंग पाहिले, एकदा नव्हे, दोनदा. कुठंही आई नाही. हे मी अक्काला फोन करून सांगितलंही. ती म्हणाली, "तिसरी सीडी अजून दुकानदाराकडंच आसणार." आणि हसली. तिचं हसूसुद्धा माझ्याहून चांगलं आहे.

पण त्या दिवशी ती हसली नव्हती. संध्याकाळी घरी आई भाकऱ्या थापत होती, अक्का शेजारी बसून विस्तवावर भाकरी फिरवत होती. आज तिचीही बोटं मिरचीनं लाल झाली होती, पण मला त्याचा आनंद घेता येत नव्हता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. इतकी रडले होते की बोलताना हुंदके येत होते.

"आई, तुला तरी पटतंय का? असते का तिसरी सीडी?"

"न्हाई," आई म्हणाली. थापायचं तिनं थांबवलं नाही. "ती बाई पिच्चरमधी न्हाई, ते मला पयल्या दिशीच कळ्ळंतं."

"मग तिथं का नाही बोललीस? सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "आत ये की. उंबऱ्यात का उभी? भूक लागली आसंल."

ही वाक्यं आई मला रोज म्हणायची. रोज संध्याकाळी, मी कशावरून तरी रुसून याच उंबऱ्यात उभी असायचे तेव्हा, अगदी हीच. इतकी रोजची, की पिच्चरमध्ये ऐकूनही ती मला ओळखू आली नव्हती. मी अक्काकडं पाहिलं. ती विस्तवाकडं बघत होती.

"म्हणजे ते भूत..." मी म्हणाले. "मी भूत? आणि तू धनुष्यवाली होय गं? छान! भूत करायला मीच सापडले तुला!"

"भूत तर भूत," अक्का म्हणाली. तिचा तो गोष्ट सांगायचा आवाज नव्हता. घोगरा, कोरडा होता. "तुला बोलावती ती आत. रोज बोलावती. मला कवा हाक मारलीया हिनं?"

आईचा हात पिठात थांबला, त्या दिवशी लसणाच्या पाकळीवर थांबला होता तसा. चुलीत काहीतरी तडतडलं. मी उंबरा ओलांडून आत गेले, ताट ओढून घेतलं आणि नवी चटणी वाढून घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ताटावरून उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत होतं, आणि कुणीतरी म्हणजे अक्का! इतकी गोड भाकरी मी त्याआधी खाल्ली नव्हती, आणि नंतरही नाही.

मग हात झटकून आईनं हाक मारली, "संगे." अक्का तिच्या हाताशीच बसली होती, तरी तिनं ती मोठ्यानं मारली, बाहेरच्या माणसाला मारावी तशी. "संगे, आत ये. जेवून घे."

अक्का आतच होती. ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि परत आत आली.